पाणी नेपाळचे, जोखीम कुणाची?

नेपाळमधल्या खासगी वीज कंपनीकडे स्वतःचे म्हणावे असे फार थोडे असते. नदी देशाची, जंगल सरकारचे किंवा गावच्या सामुदायिक वनसमूहाचे, वीज वाहून नेणारी तार सरकारी प्राधिकरणाची आणि गिऱ्हाईकही तेच प्राधिकरण. कंपनीच्या हाती दोन कागद असतात. पहिला परवाना. नदीचा कुठून कुठपर्यंतचा पट्टा वापरायचा, हे त्यात अक्षांश-रेखांशांनी बांधून दिलेले असते. मुदत साधारण ३५ वर्षे, तीही बांधकामाचा काळ धरून. मुदत संपली की वीजघर चालू स्थितीत सरकारला फुकट द्यायचे. दुसरा कागद वीजखरेदी कराराचा. बँका कर्ज देतात ते या दुसऱ्या कागदाकडे बघून.

या दोन कागदांवर गेल्या तीन दशकांत बरेच काही उभे राहिले. सुमारे तीन कोटी वस्तीच्या, समुद्रकिनारा नसलेल्या या देशाची वीजनिर्मितीची क्षमता आता ३००० मेगावॉटच्या पुढे गेली आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक खासगी आहे. पाणीपुरवठा, रस्ते, विमानतळ यांतही खासगी भांडवल आणायचे प्रयत्न झाले, पण विजेइतके ते कुठेच रुजले नाही. विजेत ते का रुजले आणि नळाच्या पाण्यात का नाही, याचे उत्तर जोखमीच्या वाटणीत सापडते. पाऊस कमी पडला, डॉलर महागला, मनोऱ्याला जागा मिळाली नाही, पुराने बंधारा नेला, तर भुर्दंड कुणी सोसायचा? प्रत्येक कराराच्या मुळाशी हा प्रश्न असतो. नेपाळने त्याची उत्तरे दर दहा-पंधरा वर्षांनी बदलली.

वाहत्या पाण्यावरचे वीजघर

कोयनेसारखा मोठा जलाशय नेपाळच्या खासगी केंद्रांपाशी सहसा नसतो. नदीत कमी उंचीचा बंधारा घालून पाणी बाजूला वळवतात. आधी ते लांबट टाक्यांतून संथपणे सोडतात, म्हणजे वाळू तळाशी बसते. मग कालव्यातून किंवा डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून अगदी कमी उताराने पुढे नेतात. नदी भराभर खाली उतरत जाते, बोगदा वरच राहतो. काही किलोमीटरांनंतर दोघांच्या पातळीत जो फरक पडतो, तीच कंपनीची खरी मिळकत. तिथून पाणी पोलादी नळातून टर्बाइनवर आदळते आणि काम झाले की पुन्हा नदीला मिळते. पूर्वेकडच्या खिम्ती नदीवरच्या केंद्रात हा फरक ६०० मीटरहून जास्त आहे. म्हणून सेकंदाला जेमतेम दहा-अकरा घनमीटर पाण्यावर तिथे ६० मेगावॉट वीज निघते.

कागदावर सोपे दिसणारे हे काम वाळू अवघड करते. हिमालय तरुण आणि भुसभुशीत. पावसाळ्यात नद्या गढूळ होतात आणि त्या गाळात गारगोटीचे, काचेला चरे पाडतील असे कण असतात. पश्चिम नेपाळातल्या झिम्रुक केंद्राच्या टर्बाइनची पाती अशा वाळूने खाल्ली जाण्याबद्दल अभियंत्यांच्या वर्तुळात प्रसिद्ध आहेत. पावसाळा सरला की ती काढून वेल्डिंगने भरून घेणे हा वार्षिक नियमच होऊन बसतो. हा खर्च प्रकल्प अहवालात नेहमीच पुरता दिसत नाही.

दुसरी अडचण ऋतूंची. आषाढ-श्रावणात दुथडी वाहणारी नदी माघ-फाल्गुनात एवढी आटते की निर्मिती क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. यंत्रे किती मोठी बसवायची, हे त्यामुळे अंदाजाचे काम होते. वर्षातला ४० टक्के काळ जेवढा प्रवाह मिळतो, तेवढ्यावर यंत्रे बसवायची, असा प्रघात पडला. थंडीत वीज कमी आणि मागणी जास्त, म्हणून दरही दोन. लहान-मध्यम केंद्रांसाठी ठरलेला दर पावसाळ्यात युनिटला ४.८० नेपाळी रुपये आणि कोरड्या हंगामात ८.४० नेपाळी रुपये. भारतीय रुपयाची किंमत १.६० नेपाळी रुपयांवर बांधलेली असल्याने हिशेब सोपा आहे: आपले तीन रुपये आणि सव्वापाच रुपये. त्यावर पहिली काही वर्षे दरसाल तीन टक्के वाढ. एक मेगावॉट उभा करायला साधारण २० कोटी नेपाळी रुपये लागतात, असा ठोकताळा या धंद्यात वापरतात. त्यातले ७० टक्के कर्ज, बाकी भागभांडवल. व्याजाचा दर दोन टक्क्यांनी चढला किंवा बोगद्यात अनपेक्षित मऊ खडक लागून काम वर्षभर रखडले, की हा मेळ कोलमडतो.

बुटवलची शाळा

नेपाळात वीज फार लवकर आली. काठमांडूजवळच्या फर्पिङचे ५०० किलोवॉटचे केंद्र १९११ मध्ये, राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांच्या काळात सुरू झाले. पण ती दरबाराची आणि उच्चभ्रूंची वीज होती. पुढची कित्येक दशके केंद्रे परदेशी मदतीवर उभी राहत गेली. मदत देणारा देश आपलेच सल्लागार, आपलेच ठेकेदार आणि आपलीच यंत्रे आणी. केंद्र पूर्ण झाले की सगळे परत जात. गावात कसब उरत नसे.

याला अपवाद घडवला तो ऑड हॉफ्टुन या नॉर्वेच्या मिशनरी अभियंत्याने. १९६० च्या दशकात तराईच्या सीमेवरच्या बुटवल गावात त्यांनी तरुणांसाठी तंत्रशाळा काढली. तिच्या कार्यशाळेला वीज हवी म्हणून तिनाऊ नदीवर एक मेगावॉटचे छोटे केंद्र बांधायला घेतले. त्यातून बुटवल पॉवर कंपनी निघाली. पुढे बोगदे खणणारी हिमाल हायड्रो आणि यंत्रे, झडपा बनवणारा कारखाना उभा राहिला. नॉर्वेत काढून टाकलेली जुनी यंत्रे आणून दुरुस्त करायची, बोगदे स्थानिक मजुरांकडून खणायचे, असा या लोकांचा खाक्या. आँधीखोला प्रकल्पात ५.१ मेगावॉट विजेबरोबर सिंचनही होते. तिथे पाण्याचा हिस्सा जमिनीवर न ठरवता श्रमावर ठरवला, त्यामुळे ज्याच्याकडे शेत नाही त्यालाही पाण्याचा वाटा मिळवता आला. अशी कल्पना आजच्या सल्लागारांच्या अहवालांत शोधूनही सापडणार नाही.

बुटवल पॉवर कंपनी सरकारने २००३ मध्ये खासगी हातांत दिली. तोवर तिच्या तालमीत तयार झालेले अभियंते आणि बोगदेकरी देशभर पसरले होते. नंतर खासगी केंद्रांची जी लाट आली, तिला लागणारे मनुष्यबळ बऱ्याच अंशी इथून आले.

डॉलरमधला करार

१९९० मध्ये लोकशाही परतली आणि १९९२ मध्ये नवा वीज कायदा आला. निर्मितीचे दार खासगी कंपन्यांना, परदेशीयांनाही, उघडले. सरकारचा खरा भरवसा मात्र जागतिक बँकेच्या मदतीने होणाऱ्या अरुण-३ या मोठ्या प्रकल्पावर होता. एवढ्या छोट्या अर्थव्यवस्थेला एकाच नदीवर सुमारे शंभर कोटी डॉलर लावणे परवडेल का, यावर नेपाळात मोठे वादळ उठले. ऑगस्ट १९९५ मध्ये बँकेने अंग काढून घेतले. विजेची टंचाई डोक्यावर आलेली होती. नेपाळ विद्युत प्राधिकरणाने घाईने दोन खासगी केंद्रांशी करार केले: नॉर्वेच्या भांडवलावरचे खिम्ती आणि तिबेटच्या सीमेजवळचे, अमेरिकी कंपनीने आणलेले ३६ मेगावॉटचे भोटेकोशी. पहिले २००० मध्ये सुरू झाले, दुसरे २००१ मध्ये.

दोन्ही करारांत दर डॉलरमध्ये होता आणि वीज घ्या किंवा न घ्या, पैसे भरा, अशी अट होती. नदी आटण्याची जोखीम काही प्रमाणात कंपनीकडे, पण डॉलरची आणि मागणीची जोखीम पूर्णपणे प्राधिकरणाकडे. ग्राहक बिल भरणार नेपाळी रुपयांत. १९९० च्या दशकाच्या मध्यात डॉलरला पन्नास-पंचावन्न नेपाळी रुपये पडत. २०२० पर्यंत तो आकडा ११५ च्या पुढे गेला. प्राधिकरणाचा तोटा वाढत राहिला आणि भोटेकोशीच्या जादा विजेचे पैसे किती द्यायचे, यावरून तंटे सुरू झाले.

महाराष्ट्राला ही कथा नवी नाही. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प याच सुमारास, याच धर्तीच्या करारावर उभा राहिला आणि २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणे थांबवल्यावर बंद पडला. याच एन्रॉनचा डोळा पश्चिम नेपाळातल्या कर्णाली-चिसापानीवरही होता. १०,८०० मेगावॉटच्या त्या अजस्र धरणासाठी कंपनीने १९९० च्या दशकात नेपाळ सरकारकडे प्रस्ताव दिला होता. तो पुढे सरकला नाही, हे नेपाळचे नशीबच म्हणायचे.

खिम्तीची बाजूही सांगायला हवी. केंद्र वेळेत झाले, उत्तम चालले आणि गावात दवाखाना-शाळा आली. करारानुसार वीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्याची निम्मी मालकी प्राधिकरणाकडे आली. महाग पडले ते केंद्राचे बांधकाम किंवा चालवणे नव्हते, चलनाचे कलम होते.

दहा कित्ते

परदेशी कंपन्या कचरल्या, कारण १९९६ ते २००६ हे माओवादी संघर्षाचे दशक होते. झिम्रुक केंद्रावरही हल्ला झाला. याच काळात एक वेगळी वाट सापडली. २००३ मध्ये सुरू झालेल्या २२ मेगावॉटच्या चिलिमे केंद्रात ५१ टक्के हिस्सा प्राधिकरणाचा, २५ टक्के कर्मचाऱ्यांचा आणि बाकीचा जनतेचा. त्यातले १० टक्के रसुवा जिल्ह्यातल्या स्थानिकांना राखून ठेवले. शंभर रुपयांचा समभाग बाजारात अनेक पटींनी चढला. ज्यांच्या दारात केंद्र झाले ते मालक झाले आणि ज्यांनी कागद लवकर विकून टाकला ते हळहळले.

यानंतर जलविद्युत कंपन्यांनी आधी प्रकल्पग्रस्त स्थानिकांना दहा टक्के समभाग आणि मग सर्वसामान्यांना विक्री, ही रीत पडली. नेपाळात समभागाला कित्ता म्हणतात. अर्ज प्रचंड येतात, म्हणून सोडत निघते आणि नशीबवानाला दहा कित्ते, म्हणजे हजार रुपयांचे भांडवल मिळते. मोबाइलवरून अर्ज भरता येऊ लागल्यापासून घरातल्या प्रत्येकाच्या, अगदी लहान मुलांच्याही, नावाने अर्ज जातात. परदेशी राबणाऱ्या नेपाळींसाठी विक्रीत वेगळा राखीव हिस्साही असतो. बँकांकडच्या ठेवीही बऱ्याच अंशी आखाती देश आणि मलेशियातून येणाऱ्या पैशांमुळे फुगल्या. दोह्यातल्या बांधकामावरच्या मजुराची कमाई अशी दोलखा जिल्ह्यातल्या एखाद्या बोगद्यात जाऊन पोहोचते.

४५६ मेगावॉटचे अप्पर तामाकोशी हे या पद्धतीचे सर्वांत मोठे फळ. कर्मचारी संचय कोष, नागरिक लगानी कोष यांसारख्या देशी संस्थांच्या पैशांवर ते उभे राहिले आणि जुलै २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. २०१५ चा भूकंप आणि त्यानंतरची भारताच्या सीमेवरची नाकाबंदी यांनी काम लांबले, खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून पुढे गेला. परदेशी सावकार नसला म्हणून जोखीम नाहीशी होत नाही. तिचा पत्ता बदलतो. आता ती निवृत्तिवेतनाच्या ठेवीवर आणि दहा कित्तेवाल्यांवर आहे. यातल्या अनेक छोट्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे लाभांश दिलेला नाही, तरी नव्या विक्रीला गर्दी हटत नाही. कंपनीच्या नदीत पाणी किती, गाळ किती, हे वाचून अर्ज करणारा विरळाच.

झोळीत ठेवलेली नदी

परवाना मिळवायला भांडवल थोडे लागते आणि प्रकल्प बांधायला अफाट. या फरकातून परवान्यांचा व्यापार जन्मला. सर्वेक्षणाचा परवाना घ्यायचा, मुदत वाढवत राहायची आणि कुणी खरा गुंतवणूकदार आला की त्याला विकायचा. लोक याला ‘झोलामा खोला’ म्हणतात, झोळीत नदी घेऊन फिरणारे. सरकारने अनेकदा असे परवाने रद्द केले, शुल्क वाढवले, तरी धंदा पुरता मोडला नाही.

मोठ्या प्रकल्पांची गतही फार वेगळी नाही. पश्चिम सेतीचा परवाना एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे दीड दशकाहून अधिक काळ राहिला. २०११ मध्ये तो काढून घेतला. मग चिनी थ्री गॉर्जेस आली आणि २०१८ मध्ये परतली. २०२२ मध्ये भारताच्या सरकारी एनएचपीसीकडे तो प्रकल्प गेला. ९०० मेगावॉटच्या अप्पर कर्णालीचा विकास करार भारताच्या जीएमआरशी सप्टेंबर २०१४ मध्ये झाला. नेपाळला १२ टक्के वीज आणि २७ टक्के हिस्सा फुकट, अशा अटी. दोन वर्षांत पैशांची जुळवाजुळव व्हायची होती, मुदतवाढीवर मुदतवाढ घेत दशक गेले. ज्याच्या भरवशावर बँक पैसे देईल असे गिऱ्हाईकच नक्की होत नव्हते. अरुण-३ मात्र अखेर मार्गी लागला, पण तो भारताच्या सरकारी कंपनीच्या हातून. नेपाळातले मोठे प्रकल्प शेजारी सरकारांच्या कंपन्या बांधतात आणि छोटे देशी खासगी कंपन्या, अशी वाटणी होऊन बसली आहे.

तार कुणी ओढायची

२००८-०९ च्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला १६ तासांपर्यंत भारनियमन होते. शहराचे सात गट पाडलेले, प्रत्येकाचे आठवड्याचे वेळापत्रक. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असे आणि पंप, इस्त्री, दळण त्यावरून ठरे. बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर विकणाऱ्यांची चांदी झाली. २०१६ च्या सप्टेंबरात कुलमान घिसिङ प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि त्या वर्षीच्या तिहारला, म्हणजे तिकडच्या दिवाळीला, राजधानीत लक्ष्मीपूजनाला वीज गेली नाही. एवढ्या थोड्या अवधीत नवे वीजघर बांधले गेले नव्हते. भारतातून येणारी वीज ढल्केबर-मुजफ्फरपूर वाहिनीने वाढली होती, आणि काही कारखान्यांना चोवीस तास मिळणाऱ्या खास पुरवठ्याची फेरवाटणी झाली.

या वाहिनीचे भारतीय अंग एका भागीदारी कंपनीने बांधले, त्यात नेपाळ प्राधिकरणाचाही हिस्सा आहे. देशातल्या तारा मात्र सरकारच ओढते आणि तिथे अडकते. खिम्ती ते ढल्केबर ही ७५ किलोमीटरची वाहिनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतली गेली. ती जानेवारी २०१७ मध्ये, पोलिसी बंदोबस्तात, पूर्ण झाली. सिंधुली जिल्ह्यातल्या मोजक्या मनोऱ्यांनी ती वर्षानुवर्षे अडवली. मनोऱ्याच्या पायाखालची जमीन विकत घेतात, पण तारेखालच्या पट्ट्याला जमिनीच्या किमतीचा दहावा हिस्साच भरपाई देत. त्या जमिनीवर घर बांधता येत नाही आणि बँक ती तारण घेत नाही. गावकऱ्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. हिशेब त्यांच्या बाजूने होता. निर्मितीत लोकांना समभाग मिळतात, तारेत मिळत नाहीत.

वीजघर तयार आणि तार नाही, अशी केंद्रे मग अर्ध्या क्षमतेवर चालतात. शिवाय पावसाळ्यात आता देशाच्या गरजेहून जास्त वीज असते. घेतली नाही तरी पैसे द्या, हे प्राधिकरणाला जड जाऊ लागले. २०२५ च्या अर्थसंकल्पात लागेल तेवढीच वीज घेऊन तेवढेच पैसे द्यायचे, असे जाहीर झाले. त्या कागदावर बँक एक रुपया देणार नाही, असे म्हणत खासगी उत्पादक रस्त्यावर आले आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

पुराचे गणित

भूकंपाने २०१५ मध्ये भोटेकोशीचे केंद्र मोडले. दुरुस्ती चालू असताना जुलै २०१६ मध्ये तिबेटकडून आलेल्या पुराने बंधारा उद्ध्वस्त केला. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत अनेक केंद्रे बंद पडली. त्यांत अप्पर तामाकोशीही होते, तेही कित्येक महिने. जुलै २०२५ मध्ये रसुवागढीच्या सीमेवरचा पूल वाहून गेला आणि जवळच्या वीजघराचे नुकसान झाले. डोंगरमाथ्यावरची हिमसरोवरे फुगत आहेत आणि खोऱ्यात एकाखाली एक केंद्रांची माळ लागली आहे. वरचे फुटले तर खालच्यांचे काय, याचा विचार परवाने वेगवेगळे देताना झालेला नाही. विमा कंपन्यांनी तो आधी केला. त्यांचे हप्ते चढले आहेत.

नळाला मालक मिळाला नाही

काठमांडूच्या पाणीपुरवठ्यात खासगी व्यवस्थापक नेमायचा घाट आशियाई विकास बँकेच्या कर्जाच्या अटीतून घातला गेला. इंग्लंडची सेव्हर्न ट्रेंट कंपनी येणार होती. मंत्री हिसिला यमी आणि कामगार संघटनांचा कडवा विरोध झाल्यावर २००७ मध्ये तिने माघार घेतली. मेलम्ची नदीचे पाणी २६ किलोमीटरच्या बोगद्यातून मार्च २०२१ मध्ये शहरात आले आणि त्याच जूनमध्ये पुराने मुखाशी दगडगोट्यांचा ढीग लोटला. विजेच्या धंद्यात गिऱ्हाईक एकच, सरकारी आणि कराराने बांधलेले. नळाच्या पाण्यात गिऱ्हाईक लाखो, त्यांचे दर राजकारण ठरवते आणि नळाला पाणी आठवड्यातून काही तास. अशा ठिकाणी भांडवल येत नाही. मनकामना देवीच्या डोंगरावरची, १९९८ पासून चालणारी खासगी केबलकार मात्र उत्तम नफा देते, कारण भाविक तिकीट रोख काढतो.

एकच दार

पावसाळ्यातल्या जादा विजेला गिऱ्हाईक बाहेरच शोधावे लागते. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या वीजबाजारात नेपाळची वीज विकायला परवानगी दिली. दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. ज्या केंद्रात चिनी भांडवल किंवा चिनी ठेकेदार, त्याची वीज भारत घेत नाही. स्वस्त ठेकेदार म्हणून चिनी कंपनीला काम देणाऱ्या नेपाळी मालकांना ही अट फार उशिरा कळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतामार्गे बांगलादेशला नेपाळची ४० मेगावॉट वीज गेली, तीही पहिल्या वर्षी एकाच दिवसापुरती.

खासगी कंपन्यांना स्वतः वीज विकू देण्याची तरतूद असलेले विधेयक संसदेत वर्षानुवर्षे पडून राहिले. म्हणून बांगलादेशच्या त्या करारावर विक्रेता म्हणून सही झाली ती नेपाळ विद्युत प्राधिकरणाची, आणि दर ठरला युनिटला ६.४० अमेरिकी सेंट.